साबुदाणा डॉक्टर आणि रेशमा घोडी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "तहान कशी लागते? घोटघोट पानी पेता, का एकदम तांब्या रिकामा करता?"

मला वाटलं, रिसोडला उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असणार, म्हणून भाडेकरूची चौकशी चालली आहे. मी सांगितलं की मी पाणी फार जपून वापरते. त्यावर ते म्हणाले, "थे नाई विचारलं मी," आणि लगेच पुढचा प्रश्न आला. झोपताना माझे पाय पांघरुणात राहतात की बाहेर?

नवी नोकरी, नवं गाव, एकटी मुलगी. मी पिशवी उचलून उठलेच होते. तेवढ्यात आतून काकू चहा घेऊन आल्या. "बसा मॅडम," त्या म्हणाल्या, "थे सगळ्यायलेच विचारतात. मले पाह्यले आले होते तवाबी हेच विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"पाय बाहेर म्हनलं. म्हनून तं लगन जमलं."

मी खोली घेतली ती या काकूंच्या भरवशावर. त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं काढली आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाशी जवळजवळ रोज भांडले.

ते होमिओपॅथीचे डॉक्टर होते, रीतसर शिकलेले. त्यांच्या गल्लीतला पहिला मुलगा जो डॉक्टर झाला तो हाच. सत्तरीला आले होते, बुटके, अंगाने सुकलेले, कायम पांढरा बुशशर्ट आणि खिशात तीन पेनं. गोळ्यांच्या आकारावरून गाव त्यांना साबुदाणा डॉक्टर म्हणायचं. तोंडावरसुद्धा म्हणायचं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात, म्हणून मी ढोराची डॉक्टरीन. एका घरात दोन डॉक्टर आणि दोघांपैकी एकालाही गाव सरळ डॉक्टर म्हणायला तयार नाही, यावरून काकू आम्हाला येताजाता चिडवायच्या.

त्यांचा दवाखाना म्हणजे घराची पुढची खोली. दोन बाकं, भिंतभर तपकिरी बाटल्या, स्पिरिटचा वास, बुद्धाची एक तसबीर. नवा रोगी आला की तासभर सुटका नाही. सोयाबीन विकायला आलेला माणूस खोकल्याचं औषध घ्यायला डोकावायचा आणि अडकायचा. खोकला पहाटे येतो की संध्याकाळी? मोकळ्या हवेत बरं वाटतं का? कोणी समजूत घातली तर आवडतं की राग येतो?

"डॉक्टरसाहेब, जीप सुटून राह्यली," माणूस काकुळतीला यायचा.

"मंग जीपलेच औषध देतो. तू जाय."

माणूस पुन्हा बसायचा. इतका वेळ आपल्याविषयी कुणी विचारलंय, असं बहुतेकांच्या आयुष्यात पूर्वी घडलेलं नसायचं. काही जण तर सांगता सांगता रडायचे. खोकला बाजूला राहायचा आणि भावाशी दहा वर्षं बोलणं नाही, ते निघायचं.

मला त्यांनी होमिओपॅथी शिकवली ती गच्चीवर, कांदा चिरताना. कांदा काकूंनी चिरायला दिलेला आणि तो मी चिरत होते. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, नाक गळायला लागलं.

"पाहा," ते खूश होऊन म्हणाले, "निरोग्या मानसाले कांद्यानं हे झालं. आता कोनाले सर्दीत नेमकं असंच होत असन, तं त्याले कांद्याचंच औषध. ज्यानं होते त्यानंच जाते. हा पाया."

"कांदा खायचा?"

"खायचा नाई. एक थेंब अर्क, नव्याण्णव थेंब स्पिरिट. हालवायचं. त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा नव्याण्णव. असं तीसदा."

हलवायचं म्हणजे बाटली चामड्यावर आपटायची. त्यासाठी त्यांच्या टेबलावर जुन्या खोगिराचा एक तुकडा होता.

मी शास्त्र शिकून आलेली. म्हटलं, "म्हणजे वर पैनगंगेच्या उगमाशी एक थेंब टाकायचा आणि खाली यवतमाळच्या हद्दीत तांब्या भरून प्यायचा. त्या तांब्यात काय असणार?"

मला वाटलं, आता चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "मीबी चाळीस वर्ष तोच इचार करून राह्यलो."

या उत्तराने माझी पंचाईत झाली. भांडायला समोर कोणी ठाम उभा असावा लागतो. हे गृहस्थ माझ्याच बाजूला येऊन बसले आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दवाखाना उघडून लोकांना साबुदाणा देत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "गोळी काय करते थे मले पक्कं सांगता येत नाई. इचारलं की मानूस मोकळा होते, थे मात्र रोज पाह्यतो."

घोड्यांकडे ते कसे वळले, त्याची गोष्ट काकू सांगायच्या. वरातीला घोडी देणारा एक जण स्वतःच्या पोटासाठी आला होता. घोडी बाहेर खांबाला बांधलेली. डॉक्टर त्याला प्रश्न विचारत होते आणि खिडकीतून घोडीकडे बघत होते. तासाभराने त्यांनी माणसाचं पोट सोडून दिलं आणि घोडीची चौकशी सुरू केली. ती मागचा डावा पाय सारखा बदलते का, सावलीतून उन्हात का जाते, एकटी असली की खिंकाळते का. त्या दिवसापासून वाशीम, मालेगाव, रिसोड या पट्ट्यातले घोडेवाले त्यांच्याकडे यायला लागले. घोडं माणसापेक्षा बरं, असं त्यांचं मत होतं. "मानूस लक्षन सांगतानी आपली बाजू सांभाळते. घोडं नाई सांभाळत."

घोड्यांसाठी त्यांची वेगळी वही होती, लांबलचक, लाल पुठ्ठ्याची. तीत रकाने होते: कशाने वाढते, कशाने कमी होते, काय खावंसं वाटते, कशाची भीती. शेवटचा रकाना औषधाचा. रोगाचं नाव लिहायला रकानाच नव्हता. गोळ्या द्यायच्या त्या भाकरीच्या तुकड्यात घालून, बिनवासाच्या हातांनी.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. दवाखान्याच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: "घोडे लोळत असेल, पोट फुगले असेल, रक्त जात असेल, अंग ताठले असेल, पाय मोडला असेल, तर इथे वेळ घालवू नये. सरकारी दवाखान्यात जावे." आणि खाली, मी आल्यानंतर वाढवलेली ओळ: "मॅडम चांगल्या आहेत, फक्त रागीट आहेत." ती ओळ खोडावी म्हणून मी वर्षभर मागे लागले होते. त्यांनी फक्त 'फक्त' खोडलं.

रेशमा ही जब्बारभाईंची घोडी. पांढरी, कपाळावर राखाडी ठिपका, उंच. जब्बारभाईंचं घर आमच्या मागच्या गल्लीत. त्यांच्या वडिलांचा टांगा होता, टांगे गेले तेव्हा यांनी वरातीचं काम धरलं. आपल्याकडे नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीला जातो, त्याला या भागात परण्या म्हणतात. रिसोडात परण्या म्हटलं की रेशमा. ती बँडच्या तालावर मान डोलवायची, पोरं पायात आली तरी पाय जपून टाकायची. तिच्या पाठीवरून कधी कोणी पडलं नव्हतं.

मग किन्हीराजाच्या एका लग्नात ती बिथरली. ऐन परण्यात पुढचे पाय उचलून उभी राहिली आणि नवरदेव फेट्यासकट खाली आला. फार लागलं नाही, पण कोणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्याने नवरदेवाला पडताना पाहिलं. आठवड्याभरात ठरलेल्या सगळ्या वराती रद्द झाल्या. रेशमाही खंगायला लागली. बरगड्या मोजता येतील अशी झाली.

जब्बारभाई आधी माझ्याकडेच आले होते. मी जंताचं औषध दिलं, रक्त तपासलं, टॉनिक दिलं. ओठ वर करून पुढचे दात, हिरड्या पाहिल्या. ताप नाही, कुठे सूज नाही. तीन आठवडे गेले, फरक नाही. शेवटी मी म्हटलं, "जब्बारभाई, काही जनावरांचा स्वभावच बिघडतो. लग्नाच्या कामातून तिला काढा." हे वाक्य मी बोलले आहे आणि आज ते लिहिताना मला लाज वाटते. समजत नाही, असं म्हणायच्या ऐवजी मी घोडीच्या स्वभावावर ढकललं.

मग ते साबुदाणा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी भाकरीच्या तुकड्यातून गोळ्या द्यायला सांगितल्या आणि चाळीस वर्षांच्या सवयीने, समोर कोण आहे न बघता, नेहमीचं पालुपद म्हटलं: "औषध चालू हाय तोवर कांदा, लसून, हिंग, कापूर, अत्तर बंद."

नऊ-दहा दिवसांनी मी जब्बारभाईंच्या शेळ्यांना लस टोचायला गेले. भाभींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांच्या हातचं कालवण म्हणजे मी मुद्दाम दुपारची वेळ गाठून जायची. पण त्या दिवशी पहिल्या घासालाच काहीतरी हरवल्यासारखं लागलं. मी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार.

"कांदा नाई ना त्याच्यात," भाभी म्हणाल्या. "लसूनबी नाई. रेशमाचं परहेज हाय."

"रेशमाचं?"

"डॉक्टरसाहेबायनं सांगतलं. समदे पाळून राह्यले. यायनं तं अत्तरबी सोडलं." जब्बारभाई शुक्रवारी नमाजाला जाताना कानात अत्तराचा फाया ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. सहा माणसांचं घर, दहा दिवस, कांद्याशिवाय. आणि घोडी तर जन्मात कांदा खात नव्हती.

घरी येऊन मी डॉक्टरांना हे सांगितलं ते हसवायला म्हणून. ते हसले नाहीत. बाकावर बसले. मग म्हणाले, "मी सांगतलं आन् त्यायनं पाळलं. मी कोनाले सांगून राह्यलो थेबी पाह्यलं नाई." दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः कांद्याची पिशवी घेऊन जब्बारभाईंच्या दारात गेले आणि भाभींची माफी मागितली. तिथे त्यांना कळलं की वीटभट्टीसाठी जनावरं घेणारा एक माणूस येऊन घोडी बघून गेला आहे आणि पुढच्या सोमवारी न्यायला येणार आहे. जब्बारभाई मान खाली घालून म्हणाले, "काय करू साहेब? काम नाई तं तिले खाऊ काय घालू?" वीटभट्टीवर गेलेलं घोडं फार दिवस काढत नाही, हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर परत आले ते वही घेऊन पुन्हा तिकडेच गेले. जाताना दवाखान्याला कुलूप. काकू म्हणाल्या, चाळीस वर्षांत दवाखाना बंद ठेवला तो फक्त मुलीच्या लग्नाला.

तीन दिवस ते त्या अंगणात स्टुलावर बसून होते. घोडीपासून चार हात लांब. तिसऱ्या दिवशी त्यांनी बँडवाल्यांपैकी दोघांना बोलावलं, एक सनईवाला आणि एक ढोलवाला, आणि रेशमासमोर वाजवायला लावलं. भरदुपारी, ना लग्न ना बारसं. अर्धी गल्ली जमली. रेशमा शांत उभी. ढोल तिच्या कानाशी नेला तरी शांत. मग डॉक्टरांनी तिला लग्नाचा साज चढवायला सांगितला, तो मणी-आरशांचा, गालावर पट्टा आवळलेला. वाजवणाऱ्यांना त्यांनी गप्प राहायला सांगितलं. पट्टा आवळताच घोडीने मान झटकली आणि दोन पावलं मागे सरली.

त्यांनी या तीन दिवसांत औषध दोनदा बदललं होतं. उपयोग शून्य. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. ते कधी वर येत नसत, गुडघे दुखायचे. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "डॉक्टरीनबाई, वाचा. मले दिसून राह्यलं, पन समजून नाई राह्यलं."

त्यांचं अक्षर बारीक. मी वाचत गेले. "कोरडा कडबा तोंडात घेते, घोळवते, गोळा करून टाकून देते. भिजवलेला हरभरा खाते, पण मान डावीकडे कलती करून. रांजणाचे थंड पाणी नको, उन्हात तापलेल्या बादलीचे पिते. उजव्या गालाला हात लावू देत नाही, डाव्या लावू देते. बँडची भीती नाही. साजाची भीती. साजात पट्ट्याची."

मी खाली बसले. हे वाचून कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही समजलं असतं. घोड्याच्या दाढा आयुष्यभर झिजत आणि वर येत राहतात. झीज सारखी झाली नाही की वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात आणि गाल आतून कापतात. लग्नाचा पट्टा आवळला की तो गाल थेट त्या धारेवर. बिचारी बँडला नाही, नवरदेवाला नाही, दुखण्याला उभी राहिली होती. आणि मी ओठ वर करून पुढचे दात मोजून घरी आले होते. तोंडात मागेपर्यंत हात घातला नव्हता, कारण माझे सगळे रोगी गाई, म्हशी, शेळ्या आणि घोडी वर्षात एखादी.

"दाढ आहे," मी म्हटलं. "डॉक्टर, दाढ आहे. तुम्ही लिहिलंय सगळं. मीच पाहिलं नाही."

मला वाटलं होतं, आता टोमणा येणार. आला नाही. "मंग औषध काय?" त्यांनी विचारलं.

"कानस."

घोड्याच्या दातांची कानस, हातभर दांड्याची, आमच्या दवाखान्यात नव्हती. तोंड उघडं ठेवायचा लोखंडी सापळाही नव्हता. अकोल्याच्या माझ्या कॉलेजातल्या सरांना फोन केला. त्यांनी दोन्ही वस्तू पोत्यात बांधून सकाळच्या एस.टी.त ठेवल्या. स्टँडवर घ्यायला मी आणि डॉक्टर गेलो. कंडक्टरने पोतं देताना विचारलं, "काय हाय हे?"

"दात घासाचं," डॉक्टर म्हणाले.

कंडक्टरने आम्हा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं.

गुंगीचं हलकं इंजेक्शन दिलं, सापळा बसवला, जीभ बाजूला धरली आणि बॅटरीच्या उजेडात बघितलं. उजव्या गालात आतून रुपयाएवढी जखम. वर दाढांची कड बोटाला लागली तर बोट कापावं अशी. मी अर्धा तास कानस चालवली. जब्बारभाई घोडीच्या मानेला मिठी मारून उभे होते आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. भाभी दाराआड. डॉक्टर सांगितलं ते सगळं करत होते, पाणी द्या म्हटलं की पाणी, बॅटरी इकडे म्हटलं की इकडे. त्या अर्ध्या तासात त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांची वही उघडून बघितली. औषधाच्या रकान्यात आधीच्या तिन्ही औषधांची नावं होती, प्रत्येकापुढे "लागू नाही." त्याखाली लिहिलं होतं, "कानस. लागू." आणि कंसात माझं नाव.

"तुमची औषधं चालली नाहीत, हे लिहून कशाला ठेवलंत? कोण बघणार होतं?"

"मी पाह्यन ना," ते म्हणाले. "नाई लिवलं तं पुढच्या खेपेले मीच मले फसवन."

तीन दिवसांत रेशमा कडबा खायला लागली. आठवड्याभरात तिच्या डोळ्यांत तेज आलं. वीटभट्टीवाल्याला जब्बारभाईंनी आणखी एका सोमवारची मुदत मागितली होती. पण गावाचं काय करायचं? दाढ घासली, घोडी बरी झाली, हे मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. लोक मान हलवायचे आणि मोबाईल काढून तेच चित्रण पुन्हा दाखवायचे. जब्बारभाई तिच्यावर बसून गावातून फिरून आले. त्याचाही उपयोग नव्हता. "मालकाले नाई पाडत थे," लोक म्हणाले, "नवरदेवाले पाडते." पट्टा आवळून, बँड लावून, परक्या माणसाला पाठीवर घेऊन ती चालली, असं गावाने बघायला हवं होतं. आणि असा परका कोण मिळणार? आपला पोरगा द्यायला कोणी तयार नव्हतं.

शनिवारी सकाळी चहा पिता पिता डॉक्टर म्हणाले, "मी बसतो."

काकूंनी कप खाली ठेवला. "कशावर?"

"घोडीवर. परण्या काढू. बँड सांगून आलो."

काकूंनी जे काही सुनावलं ते सगळं इथे लिहिता येणार नाही. वय, गुडघे, मागच्या वर्षीची चक्कर, सगळं निघालं. शेवटी त्या म्हणाल्या, "पडले तं मी उचलाले येनार नाई. पाह्यलेबी येनार नाई."

माझ्या लक्षात आलं की घोड्यांची एवढी वही भरलेला हा माणूस कधी घोड्यावर बसलेला मी पाहिला नव्हता. विचारलं. ते म्हणाले, "नाई बसलो. भ्या वाटते." मग काकू आत गेल्यावर आपणहून बोलले. त्यांच्या वडिलांच्या लग्नात गावाने घोडं गावातून नेऊ दिलं नव्हतं. वडील परण्याला पायी गेले होते, हळदीच्या अंगाने, मान खाली घालून. "माह्या येळले कोनी आडवलं नसतं," ते म्हणाले. "पन मीच रजिस्टर लगन केलं. घोड्याचं नावच काढलं नाई. आता वाटते, काढाले पाह्यजे होतं."

रविवारी चार वाजता जब्बारभाईंच्या अंगणात आम्ही त्यांना स्टुलावर उभं केलं आणि दोघांनी खालून लोटून रेशमावर बसवलं. पांढरा बुशशर्ट, खिशात तीन पेनं. जब्बारभाईंनी आपला फेटा काढून त्यांच्या डोक्यावर बांधला. कानात अत्तराचा फायाही ठेवला. डॉक्टरांनी खोगिराचा पुढचा भाग दोन्ही हातांनी गच्च धरला होता. "जब्बार," ते म्हणाले, "पट्टा आवळ. लोकायले दिसला पाह्यजे."

बँड सुरू झाला. मी उजव्या बाजूने चालत होते, हात लगामाजवळ. ही बिथरली तर माझ्या कानशीचा दोष आणि पडणार तो सत्तरीचा माणूस. गल्लीतून आम्ही पेठेत शिरलो. दुकानांतून लोक बाहेर आले. "साबुदाणा डॉक्टर, कोनाच्या घरी चालले?" कोणीतरी ओरडलं. "नवरी कोन हाय?" सगळे हसले. मोबाईल वर झाले. सनईवाला मुद्दाम घोडीच्या तोंडासमोर जाऊन वाजवत होता. ढोल कानाशी. रेशमाने मान हलवली. मी लगाम घट्ट धरला. मग ती हलवतच राहिली, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि जब्बारभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, नाचून राह्यली. थे नाचून राह्यली." त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

चौकात पोचेपर्यंत डॉक्टरांनी खोगिराचा पुढचा भाग सोडला होता आणि एक हात वर करून लोकांना नमस्कार करायला लागले होते. बँड थांबला. बाजाराची पिशवी घेतलेली एक बाई गर्दीतून पुढे आली. घोडीच्या डोळ्यांकडे, पायांकडे नीट बघून तिने जब्बारभाईंना विचारलं, "माह्या पोराचं लगन हाय पुढच्या महिन्यात. तवा मोकळी हाय काय घोडी?"

जब्बारभाईंनी नुसती मान हलवली. तिथेच, रस्त्यात उभं राहून, त्यांनी वीटभट्टीवाल्याला फोन लावला आणि "नाई देत," एवढंच सांगून ठेवून दिला.

मी स्टूल आणायला सांगितलं. डॉक्टर वरूनच म्हणाले, "इथी नाई उतरत. घरापावतर चाला."

"गुडघे?"

"दुखून राह्यले. चाला."

बँडवाले पुन्हा वाजवायला लागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तर काकू दारात उभ्या होत्या, हाताची घडी घालून. नवी साडी होती अंगावर. रेशमा त्यांच्यापुढे येऊन थांबली. काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग वर. बराच वेळ पाहिलं.

"उतरा आता नवरदेव," त्या म्हणाल्या. "नवरीनं चहा ठेवला."

जब्बारभाईंनी स्टूल लावलं, मी हात पुढे केला. पण फेटा सावरत डॉक्टर घोडीवर तसेच बसून राहिले आणि त्यांना उतरवायची घाई आमच्यापैकी कोणीच केली नाही.